फायलीतला उतार
ओल्या सिमेंटच्या वासासरशी मला साठ-पासष्ट सालच्या सुमाराचा नवापूरचा समुद्रकिनारा आठवतो. होड्यांना लाटांपासून आडोसा म्हणून आमच्या बांधकाम खात्याच्या साहेबांनी सरळ उभी भिंत ठरवली होती; मी त्यांच्या हाताखालचा नवा इंजिनिअर. होडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाने तिथल्या जुन्या उभ्या भिंतीवर बादलीभर पाणी फेकले. ते उलटून आमच्याच अंगावर आले. दुसरी बादली त्याने शेजारी ओतली, ती दगडांच्या उतरत्या ढिगात जिरली. “भिंतीनं लाट परत येल, होड्या फुटतील आमच्या.” “समुद्र बादलीत मावत नाही, तांडेल,” साहेब हसले. तांडेल माझ्याकडे वळला, “तुमी शिकलेले, तुमी तरी सांगा.” दगडी उताराचेच गणित माझ्या फायलीत होते, परंतु उशिरा लागलेली नोकरी जाईल या धास्तीने मी फायलीची नाडी आवळली. पुढच्या पावसाळ्यात त्याचीच होडी नव्या भिंतीपुढे, उलटून आलेल्या लाटेने फुटली. न बोललेले ते वाक्य मी अजून घासूनपुसून नीट करतो आहे.