सतरा नंबरचा बिल्ला

आधी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी सौदीतल्या यान्बूच्या एका प्लांटमध्ये शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठीचा बंद, चालू होता. मी परमिट इंजिनिअर, आत उतरायची परवानगी देणारा. एखाद्या टाकीत किंवा कॉलममध्ये माणूस उतरला की त्यानं आपला नंबरचा बिल्ला बाहेरच्या बोर्डवर अडकवायचा, आणि बाहेर आला की स्वतःच काढायचा. दुसऱ्याचा बिल्ला कुणीही काढायचा नाही... हे मीच रोज सकाळी सगळ्यांना घसा कोरडा करून सांगायचो.

त्या दिवशी शिफ्ट बदलताना बोर्डवर एकच बिल्ला उरला होता. सतरा नंबर, नासिरचा. नासिरला मी थोड्या वेळापूर्वी पाण्याच्या कूलरपाशी पाहिलं होतं. म्हणजे, मला तसं वाटलं. सगळ्यांचे कव्हरऑल सारखे, धुळीमुळे तोंडाला फडकी बांधलेली. काढायला विसरला असेल, म्हणून मी बिल्ला काढून खिशात टाकला आणि परमिट बंद केलं.

नासिर आत होता. झाकण बसलं, नायट्रोजन सोडला गेला, आणि आत श्वासापुरतीही हवा उरली नाही.

चौकशीत मी सांगितलं, बोर्ड रिकामा होता, त्यानं बिल्ला लावलाच नसणार. रिपोर्टमध्ये तसंच आलं. बिल्ला मी समुद्रात फेकला. बायकोलासुद्धा कधी बोललो नाही.

आता अनुभव. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगू लागलं की मी उठून जायचो. त्यामुळे तुम्ही उठून गेलात तरी मला राग येणार नाही.

नासिरला या देशात आणलं होतं त्याच्या थोरल्या भावानं, सलीमभाईनं. दोघं रत्नागिरीकडचे. तो गेल्यावर सलीमभाई यान्बू सोडून तबूकला गेला आणि तिथे गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान टाकलं. तबूकजवळच्या जबल अल लौझ या डोंगरावर हिवाळ्यात बर्फ पडतो. तो पडला की सलीमभाईचा फोन यायचाच. “या ओ साहेब. माझ्याकडे दुसरं कोण येतंय?” आणि मी दर वर्षी कामाचं निमित्त सांगायचो.

यंदा माझी मुलगी इरा ऐकेना. बारावीनंतर ती पुण्याला जाणार. “बाबा, प्लीज. नेक्स्ट विंटर मैं यहाँ नहीं रहूँगी.” मैत्रिणीचा सँडबोर्ड तिनं मागून आणला होता. वाळूच्या टेकड्यांवरून ती झकास घसरते, आता तिला बर्फावरून घसरायचं होतं. शेवटी निघालो.

डोंगरावर पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. रात्रभर ताजा बर्फ पडला होता, पिठासारखा, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. उतारावर अरारची बुटकी झाडं, आणि त्यांच्यामधून एक घळ खाली गेलेली. वाऱ्यानं तिथे बर्फ कमरेइतका साठला होता. इराला नेमकी तीच जागा आवडली.

मी तिला तिचा लाल मफलर वरच्या एका झाडाच्या फांदीला बांधायला लावला. खाली जाताना बांधायचा, वर आलीस की सोडायचा, म्हणजे मला कळेल. सवय... दुसरं काय.

सलीमभाई हसला. “काय ओ साहेब, इथं पण बिल्ला?”

मग त्याचं हसू गेलं. थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतत तो म्हणाला, “नासिरनं तेवढं केलं असतं तर... आई अजून विचारते बघा. बिल्ला का नाय लावला त्यानं? काय सांगू तिला? दहा लोकांत ती मान खाली घालते. माझ्या पोराचीच चूक होती म्हणते.”

मी चहा प्यालो. गरम होता की गार, आठवत नाही. नऊ वर्षं मी असाच आहे, आत काही पोचत नाही.

इरा दोनदा मजेत खाली जाऊन वर आली. केसांत बर्फ, नाक लाल. “बाबा, वन लास्ट टाइम!” तिनं मफलर बांधला, पाय बोर्डाला आवळले आणि झाडांमधून निघून गेली. तेवढ्यात डोंगरावर ढग उतरला. पोलीस भोंग्यावरून गाड्यांना खाली जायला सांगू लागले, “यल्ला, यल्ला.” सलीमभाई गाडी चालू करायला रस्त्याकडे गेला. मीही पन्नासेक पावलं त्याच्यामागे जाऊन सामान त्याच्या हातात दिलं आणि परत आलो.

फांदीवर मफलर नव्हता.

वर आली असेल, दुसऱ्या बाजूनं गाडीकडे गेली असेल. असं मनात आलं आणि मी वळलो. नऊ वर्षांपूर्वी जसा वळलो होतो, अगदी तसाच. तेव्हा मात्र हे लक्षात आलं नाही.

हातमोजे सामानाबरोबर गाडीत गेले होते. बोटं बधिर झाली होती, म्हणून हात जॅकेटच्या खिशात घातले. उजव्या हाताला काहीतरी लागलं. गोल, चपटं, वर तारेचं कडं. एका बाजूची कड तुटलेली. नासिरच्या बिल्ल्याची कड तुटलेली होती. बाहेर काढायला गेलो तर हातात काहीच नाही. खिसा उलटा केला. रिकामा.

मी भ्यालो नाही. फक्त थांबलो. आणि मग घळीत उतरलो, धावत, पडत, “इरा! इरा!” ओरडत.

एका अरारच्या बुंध्याशी बोर्डाचं टोक वर आलेलं दिसलं. ती डोकं खाली होऊन बर्फात रुतली होती. हातांना काही जाणवत नव्हतं, तरी उकरत राहिलो. तोंड मोकळं झालं. ओठ निळे. मग ती खोकली. माझं ओरडणं ऐकून सलीमभाई धावत आला, दोघांनी मिळून तिला वर नेलं. वाटेत त्याला झाडाखाली मफलर सापडला, वाऱ्यानं सुटून बर्फात पडलेला. मी गाडीपर्यंत जाऊन परत आलो असतो तर... सलीमभाई म्हणाला, तो विचारच करू नका.

गाडीत हीटर लावून तिला ब्लँकेटात गुंडाळलं. जरा वेळानं ती म्हणाली, “बाबा, वो अंकल किधर गए?”

“कोण अंकल?”

“बात कर रहे थे ना मुझसे. आय कुडन्ट सी हिम.” मग ती मराठीत बोलली. ती माझ्याशी मराठीत एक वाक्य धड बोलत नाही. “म्हणाले, हलू नको पोरी. बिल्ला लावलाय मी. आता कोन बंद करनार नाय.”

सलीमभाईचा हात गिअरवर होता, तो तिथेच राहिला.

मी यावर खूप विचार केला आहे. बिल्ला हा शब्द तिनं सकाळी सलीमभाईच्या तोंडून ऐकला असेल. श्वास कोंडला की भास होतात, हेही मला माहीत आहे. बधिर बोटांना काहीही लागल्यासारखं वाटू शकतं. पण ‘बंद करणं’ त्या दिवशी कुणीच बोललं नव्हतं. नासिर कसा गेला हे इराला आम्ही कधी सांगितलेलं नाही. आणि बधिर बोटांना ती तुटलेली कड इतकी स्पष्ट कशी लागली? कंपनीला नंतर मी सगळं लेखी दिलं, पुढे जे व्हायचं ते होईल. पण पहिल्यांदा बोललो ते तिथे, त्या गाडीत.

“सलीमभाई, नासिरनं बिल्ला लावला होता. मी काढला.”

त्यानं गिअरवरचा हात उचलला. वायपर चालू होते. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

“मला नको सांगू. तिला सांग.” इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदाच एकेरीत बोलला.

पलीकडून म्हातारा आवाज आला. “कोण? सलीम?”

“नाही, आई. मी यान्बूचा साहेब बोलतोय, नासिर ज्याच्या हाताखाली होता तो. नासिरनं बिल्ला लावला होता, आई. त्यानं नियम मोडला नव्हता. बिल्ला मी काढला आणि सगळ्यांना खोटं सांगितलं. चूक माझी होती, तुमच्या मुलाची नव्हती. मला माफ करा.”