वर्षाचं लोणचं

सप्तापूरला आमच्या माडीवर एक जपानी बाई भाड्यानं राहते. आली गाणं शिकायला आणि इथलीच झाली, कानडीही बोलायला लागली. सरकार मात्र तिला एका वेळी वर्षभरच राहू देतं. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, माझा भाडेकरार, पोलीस चौकशी. त्या दिवसांत ती उठल्याबरोबर फोनमध्ये अर्जाचं काय झालं ते बघते, मगच चहा ठेवते.

मुदतीपलीकडे पुरेल असं काही ती घरात आणत नाही. "तेलाचा मोठा डबा घे की गं," म्हटलं की, "बेडा अक्का, नको. कोण संपवणार?" उन्हाळ्यात माझ्या लोणच्याच्या कैऱ्या पुसायला बसते, पण स्वतःसाठी घालते वाटीभर, कमी मिठाचं, आठवड्यात संपणारं.

यंदा अर्ज अडकला. मुदत संपायला आली तरी उत्तर नाही. अशात ती सुभाष रोडवरून पिशवीभर फोडलेल्या कैऱ्या आणि चांगली मोठी बरणी घेऊन आली.

"अक्का, मीठ किती घालू?"

"वाटीभरच ना?"

"नाही. वर्षाचं घालायचंय."

मी मीठ काढून दिलं. बरणी तिनं माझ्या बरण्यांच्या शेजारी ठेवली.

उत्तर अजून आलेलं नाही. रोज सकाळी ती खाली येते, हात कोरडे करून लोणचं ढवळते, फडकं घट्ट बांधते. फोन त्यानंतर उघडते.