दुर्बिणीचं लहानसं ऑपरेशन

देवासच्या मैदानावर माधवी बायकांना स्कूटी शिकवायची. शिकणारी हँडल आवळून पुढे बसलेली आणि गाडीचा मागचा दांडा धरून माधवी धावतेय, हे सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या रोजच्या बघण्यातलं होतं. शाळेतल्या शिक्षिका, नव्या सुना, पन्नाशीतल्या काकू, सगळ्या तिच्याकडे येत. तिची चाळिशी उलटली होती, पण दम चांगला होता.

एका सकाळी पुढच्या बाईनं घाबरून ब्रेक दाबला. गाडी कलंडायला लागली, ती सावरायला माधवीनं पाय रोवून अंग वळवलं आणि उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली. ती कळवळून खाली बसली. पाय सरळ केला तशी वाटी परत जागेवर आली, पण दुपारपर्यंत गुडघा सुजून टम्म झाला.

त्यानंतरचं वर्ष नुसतं वैतागात गेलं. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि नॉर्मल आहे म्हणाले. दुसऱ्यांनी वजन कमी करा सांगितलं, तिसऱ्यांनी वयाचा परिणाम ठरवला. वाटी सरकते, असं ती प्रत्येकाला सांगायची, पण दाखवायला जायची तेव्हा वाटी जागेवरच असायची. जिना उतरताना कळ यायची. अंगणातून गाडी बाहेर काढताना एकदा पुन्हा सरकली. नवऱ्याला, संताजीला, वाटायला लागलं की हिनं भीतीच जास्त घेतली आहे.

शेवटी इंदूरच्या एका डॉक्टरांनी गुडघा थोडा वाकवून वेगळा एक्स-रे काढला, मग एमआरआय केला. वाटी बाहेरच्या अंगाला कलली होती आणि तिच्याखालच्या कूर्चेचा एक तुकडा सुटून आत फिरत होता. "ये तो साफ दिख रहा है, मैडम," डॉक्टर म्हणाले. माधवीला बरं वाटायच्या आधी राग आला. वर्षभरात गुडघा वाकवून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. सुटा तुकडा काढला, वाटीला बाहेर ओढणारा ताठ पट्टा सैल केला, आतली बाजू टाके घालून आवळली. वरून मात्र तीनच बारीक भोकं दिसत होती, आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, आपल्या बहिणीचा बदललेला गुडघा पाहिला होता, त्यावरचा वीतभर लांब व्रण पाहिला होता. त्यापुढे हे त्यांना दाढ काढल्यासारखं वाटत होतं. टाके निघाले, आता गुडघ्याला तो आधाराचा पट्टा बांधायचा कशाला, असं त्या आल्यागेल्यासमोर म्हणत. बाहेरून गुडघा चांगला दिसत होता, पण आडवं पडून पाय सरळ उचलायला गेलं तर मांडी हुकूमच ऐकत नसे. या पायावर आपण धावत होतो, हे तिला खरं वाटेना.

नवरात्रात घटाच्या पूजेला अक्कांनी तिला पाटावर बसवलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, नाही म्हणायची सोय नव्हती. संध्याकाळी गुडघा पुन्हा सुजला. इंदूरला डॉक्टर रागावले, तेही तिच्यावरच. परतताना गाडीत ती संताजीला म्हणाली, "भोकं लहान आहेत. आतलं काम लहान नव्हतं. अक्कांना आता तुम्ही सांगा, मी सांगून दमले."

संताजी बघू म्हणाला. त्यानं काही सांगितलं नाही. मग तिनंच एके दिवशी हॉस्पिटलनं दिलेलं ऑपरेशनचं चित्रण हॉलमधल्या टीव्हीवर लावलं. पांढऱ्या गुहेसारखं गुडघ्याचं पोट, त्यात फिरणारी हत्यारं. संताजी मोबाइलमध्ये बघत राहिला. अक्कांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बंद कर ते. जेवायची वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं धारला राहणाऱ्या भावाला, रणवीरला, फोन केला. तो म्हणाला, "ताई, ये इकडे. पलंग आहे, वर चढायचं नाही, कुणाला वाढायचं नाही." ती गेली. तिथं फिजिओथेरपीवाली मुलगी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला लावायची. वहिनी शिखा शिवणाच्या टेपनं दोन्ही मांड्या मोजायची, आणि उजवी काही केल्या भरेना. माधवी चिडून टेप फेकून द्यायची, शिखा ती उचलून पुन्हा कपाटात ठेवायची. बऱ्याच आठवड्यांनी पाय थरथरत का होईना, सरळ वर राहिला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती देवासला परतली. वाटी पुन्हा सरकली नाही. जिना उतरताना दुखणं मात्र राहिलं, उकिडवं बसणं गेलं ते गेलंच. डॉक्टर रिझल्टवर खूश होते. तिच्याकडे यायच्या त्या बायका मधल्या काळात दुसऱ्या क्लासला लागल्या होत्या. घरात पाटावर बसायचा विषय निघाला की ती आता सरळ खुर्ची ओढून घेते. अक्का तोंड फिरवतात.

मैदानावर ती परत जायला लागली आहे. धावत नाही, मधोमध उभी राहून सांगते. परवा एक नवी बाई तिच्यासमोरच डगमगली. माधवीचा हात पुढे झाला, पाय जागचा हलला नाही. त्या बाईनं स्वतःच पाय टेकवला, गाडी थांबवली आणि हसून मागे पाहिलं.

माधवीनं शाबास म्हटलं. पण एवढी वर्षं आपण मग उगाचच धावलो का, या विचारानं ती दिवसभर धुमसत होती.