मामाचा शर्ट

त्या माणसाच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटांतून जुने लष्करी गणवेश लटकत होते. सगळे जंगलातल्या लढायांचे, शेवाळी हिरवे. आत माणूस नसलेले ते शर्ट पाहताक्षणी मला त्याचा राग आला.

आई मात्र आशेनं आली होती. तिचा धाकटा भाऊ सैन्यात होता, जंगलातल्या एका मोहिमेत मारला गेला. तो कुठं लढला, हे घरी कधी कळलंच नाही. कपड्यावरून हा संग्राहक सांगेल, असं तिला कुणीतरी म्हणालं होतं. मामाच्या सामानातून परत आलेला शर्ट तिनं पिशवीतून काढून दिला.

त्यानं भिंगातून शिवण तपासली, काखेतला डाग उजेडात धरला. "घामाचा डाग अस्सल आहे," तो खुशीत म्हणाला. मग बटणांशी थांबला. "ही मूळची नाहीत."

"ती मी लावली," आई म्हणाली. "त्याच्या शेवटच्या सुट्टीत."

"तिथंच घोटाळा केलात, काकू. संग्रहात घेण्यासारखा राहिला नाही हा."

"मी द्यायला नाही आले. तो कुठं होता, ते कळेल का?"

"माणसांचं मी बघत नाही."

कापडाचा धागान् धागा ओळखणाऱ्या त्या माणसानं मामाचं नावही विचारलं नव्हतं. अशांना घामाचा डाग हवा असतो, घाम गाळणारा नको असतो.

आईनं शर्ट त्याच्या हातातून ओढून घेतला, साडीवरच अंगात चढवला आणि जिना उतरली. रस्त्यावर लोक वळून बघत होते. ती कुणाकडंही न बघता थेट एसटी स्टँडपर्यंत चालत गेली.