चाळीस की एक्केचाळीस

फोन आला तेव्हा मी संभाजीनगरला सातव्या मजल्यावरच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये टेप लावून हॉलची लांबी मोजत होतो. मुलगा तिथेच नोकरीला आहे. आम्हीही तिकडे यावं, असं दोन वर्षांपासून त्याचं चाललं होतं. फोनवर जावेद होता, आमच्या समोरच्या कादरचाचांचा मुलगा. "साहेब, अब्बा गेले. नमाज झाल्यावर चहा मागितल्ता, अन् चहा यायच्या आत..." टेप हातातून सुटून सर्रकन आत गेली. दुपारी अंबडला पोचलो, कबरस्तानात तीन मुठी माती दिली आणि घरी आलो. त्याला आता पाच आठवडे झाले.

जमीन मोजणं ही माझी नोकरी. एकोणीस वर्षांपूर्वी बदलीवर अंबडला आलो, तो तीन वर्षं काढायची म्हणून. घरासमोर जुनी दगडी बारव आणि तिला लागूनच चाचांचं गाद्या भरायचं दुकान. आमच्या गल्लीत बारवेचं पाणी फुटांत कोणी सांगत नाही. पाण्यावर किती पायऱ्या उघड्या आहेत ते सांगतात. "आज किती उघड्या?" असं संध्याकाळी कोणी ना कोणी विचारणारच, आणि उत्तर द्यायचा मान चाचांचा. दुकान बंद करून, भुवयांना कापूस चिकटलेला तसाच, ते बारवेच्या सगळ्यात वरच्या दगडावर येऊन बसत आणि आकडा सांगत.

पहिल्याच आठवड्यात मी तो आकडा चुकीचा ठरवला. ते बारा म्हणाले, मी मोजल्या तर तेरा. पुढे एका उन्हाळ्यात गाळ काढायला बारव कोरडी केली, तेव्हा मी प्रत्येक पायरीवर खडूची खूण करत तळापर्यंत उतरलो. एक्केचाळीस. चाचा म्हणाले, "चाळीस."

"चाचा, खुणा आहेत. चला, दाखवतो."

"खडू बराबर हाय, साहेब. आकडा एक जास्ती हाय. शोधा तुम्हीच."

"अहो, माझ्या मोजणीवर लोकांचे बांध ठरतात!"

"म्हनूनच समदे बांधावरून भांडून राह्यलेत!"

गल्ली हसली. सर्वांत जास्त माझी बायको सुनंदा हसली.

तीन वर्षांची एकोणीस कशी झाली, याचा हिशोब मला देता येत नाही. बस वेशीच्या आत येत नाही, म्हणून सामान हातात घेऊन चालावं लागतं, आणि घरी पोचेपर्यंत चार जण विचारतात, कुठं गेल्ता. मोसंबीच्या दिवसांत कोणीतरी दारात पिशवी ठेवून जातं. कोणी ते कळत नाही. सुनंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा चाचा दारातूनच तिच्या पायाकडे बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी एक लहान लोड घेऊन आले. "वैनी, पायाखाली घ्या." माप न घेता शिवलेला तो लोड गुडघ्याखाली असा बसला, की मी गुपचूप टेप लावून पाहिली. ती सवयच आहे माझी.

फ्लॅट बघायला जायच्या आदल्या संध्याकाळी चाचांना त्याचं सांगितलं. पाण्याकडे बघतच त्यांनी विचारलं,

"तिथं खिडकीतून काय दिसतं?"

"दुसरी बिल्डिंग."

"जायचं तर जा, साहेब. पोराजवळ जाऊन राह्यलेत, चांगलंच हाय. पन आधी पायऱ्या बराबर मोजा. चुकीचा आकडा घेऊन गाव सोडू नका."

मला राग आला. "एक्केचाळीसच आहेत," म्हणालो आणि घरात गेलो. आमच्यातलं शेवटचं वाक्य ते.

मागच्या शनिवारी संध्याकाळी बारवेवर गेलो. फ्लॅटचं बुकिंग रविवारी करायचं होतं. वरचा दगड रिकामा होता. एवढ्या वर्षांत मी त्यावर कधी बसलोच नव्हतो. मोजणारा माणूस उभ्यानेच मोजतो. बसलो. दगड मधोमध खोलगट झालेला, हात फिरवला तर गुळगुळीत... जावेद दुकानाला कुलूप लावून जवळ आला. मी त्याला विचारलं, "तुझे अब्बा चाळीस कशा मोजायचे रे?"

"ही सोडून, साहेब," तो दगडाकडे बोट करून म्हणाला. "म्हनायचे, पायरी उतरायसाठी असती. ही तर बसायची जागा हाय."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"मी पन विचारलं होतं. तर म्हने, साहेब एक दिवस बसतील, मंग कळंल त्यांचं त्यांना."

जावेद गेल्यावर तिथूनच मुलाला फोन केला आणि बुकिंग करू नको म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं. उद्या तूच इकडे ये, एवढं म्हणालो.

तेवढ्यात समोरच्या दारातून सुनंदाचा आवाज आला, "अहो, आज किती उघड्या?"

चोवीस ओठांवर आलं होतं. मी सांगितलं, "तेवीस."

एकीवर मी बसलो होतो.