हिरवा कोट अजून वरच

गेल्झेनकिर्शेनच्या कोळसा खाणीत एर्विन सोबोटा कपडेघर सांभाळायचा. खाणीत उतरणारा प्रत्येक जण घरचे कपडे आकड्याला अडकवून साखळीने छतापाशी चढवी आणि पाळी संपली की उतरवून घेई. पाळी सुटल्यावरही एखादी साखळी वरच दिसली, तर माणूस खाली राहिला असं समजून सोबोटा घंटा वाजवायचा.

खाण बंद पडली. पुढे यूटा ब्रांडिस या कलाकार बाईंनी त्याच कपडेघरात कलाकृती मांडली. बघायला येणाऱ्याने स्वतःचा कोट वर चढवायचा, ओसाड यंत्रघरं हिंडायची, परतताना कोट उतरवायचा. ही इमारत माणसांची हजेरी कशी घेत होती, ते त्यांना दाखवायचं होतं. किल्ली सोबोटाकडे आली.

एका शनिवारी बंद करायच्या वेळी एक हिरवा कोट वरच राहिला.

"विसरलं असेल कुणी," यूटा म्हणाल्या. "लावा कुलूप. माझी गाडी चुकेल."

"साखळी वर आहे, बाई."

"अहो सोबोटा, इथे आता खाली कोण उतरतंय?"

"कोळसा वाहायच्या पट्ट्याच्या पुलावर तर चढतात. तिथली फळी हलते."

त्याने यंत्रघर पाहिलं, पूल पाहिला, हाका मारल्या. उत्तर आलं नाही. तेवढ्यात बायको, हेडविग, शोधत आली.

"एर्विन, बटाट्याच्या धिरड्यांचं चामडं झालं. त्या कोटालाच जेवायला घेऊन येतोस का?"

"तुझ्या भावाचा कोट वर होता, तेव्हाही मी जेवायला जायला हवं होतं?"

हेडविगने विजेरी उचलली. दोघं तळघराकडे गेली. यूटांची गाडी गेली होती. त्या बाकावर बसून छताकडे बघत राहिल्या.

ट्रामच्या थांब्याकडून एक बाई धापा टाकत आली. "दार उघडं आहे, बरं झालं! माझा हिरवा कोट..."

"होतात कुठे तुम्ही?" तळघरातून वर आलेला सोबोटा ओरडलाच.

"घरी. साखळी उतरवता येईना, आणि विचारायला इथे कुणी नव्हतं."

त्या वेळी सोबोटा फाटकाबाहेर सॉसेज खात उभा होता. हे त्याला आठवलं. त्याने कोट उतरवून दिला.

बाई गेल्यावर त्याने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली यूटांच्या हातात ठेवली.

"सोमवारपासून दुसरा माणूस बघा."

"पण कुणी अडकलं नव्हतं ना?"

"नव्हतं. पण ते कळेपर्यंतचा वेळ मला आता झेपत नाही."