बाबांच्या फोटोचं पोतं बदलताना

मिरचीच्या धंद्यात एक गोष्ट मी फार लवकर शिकलो. पोतं बदललं की मालाचं नाव बदलतं, आणि नाव बदललं की भाव. लालबागच्या फुटपाथवर बसून विकायचो तेव्हा ही विद्या माझ्यावर वापरली गेली. पुढे स्वतःचा गाळा झाल्यावर मी ती कोणावर वापरली नाही, असं शपथेवर सांगणार नाही. बाबांच्या फोटोचा घोळ झाला तो त्या विद्येमुळेच.

आमची चाळ आता पडणार. त्याआधी उत्सव मंडळाच्या पंच्याहत्तर वर्षांची स्मरणिका काढायचं ठरलं. संस्थापकांचे फोटो घरच्यांनी ऑनलाइन फॉर्मवर टाकायचे, शेवटच्या दिवशी पाचपर्यंत. मग पानं छापायला जाणार. बाबा संस्थापकांपैकी एक. गिरणीतून सुटून आले की मंडपाचे बांबू स्वतः बांधायचे. पन्नास वर्षांच्या स्मरणिकेच्या वेळी त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्यात त्यांच्या नावावर रिकामी चौकट छापली होती. खाली ओळ, ‘छायाचित्र उपलब्ध नाही’.

फोटो मी माझ्या हाताने सेक्रेटरीला दिला होता. मग उपलब्ध नाही म्हणजे काय? मी ती स्मरणिका कार्यालयाच्या टेबलावर आपटली, त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणंच टाकलं. जिन्यात समोर आला तरी मी भिंतीकडे बघायचो. अजूनही मंडळाचा सेक्रेटरी तोच. या वेळी मात्र बाबांची चौकट रिकामी राहू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं.

बाबांचा एकच फोटो शिल्लक आहे, आणि आई तो गावी घेऊन गेली तेव्हापासून तो तिथे ताईच्या भिंतीवर असतो. तिने तो फ्रेममधून काढला, मुलाने दिलेल्या नव्या फोनने त्याचा फोटो घेतला आणि मला पाठवला. शेवटच्या दिवशी सकाळी गाळ्यावर बसून मी तो फॉर्मवर टाकला. फॉर्म म्हणाला, ही फाइल चालणार नाही, जेपीजी द्या. ताईच्या फाइलच्या नावाला शेपटी होती एचईआयसी. असली शेपटी मी जन्मात पाहिली नव्हती. लगेच ताईला फोन लावला.

“ताई, हे काय पाठवलंस?”

“बाबांचो फोटो. दिसना नाय काय?”

“दिसतोय गं. पण फॉर्म घेत नाही.”

“झिलान सांगल्यान, डॉक्युमेंट म्हणान धाड, म्हणजे फोटो खराब होणा नाय. तसो धाडलंय. आता फॉर्म घेणा नाय तर फॉर्मवाल्याक इचार, माका कित्याक इचारतंस?”

फॉर्मवाला म्हणजे सेक्रेटरी. त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता.

शोधाशोध केल्यावर एक वेबसाइट सापडली. फोटो इथे टाका, जेपीजी करून मिळेल, फुकट. तिथेच मी बिथरलो. आमच्या गल्लीत चाखायला दिलेली मिरचीसुद्धा पोतं खपवायला असते. हा कोण दानशूर, ज्याला माझ्या बाबांचा फोटो फुकटात बदलून द्यायचाय? खाली लिहिलं होतं, तुमची फाइल तासाभराने मिटवली जाईल. म्हणजे आधी बाबांना आत घेणार आणि नंतर मिटवणार? पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन हिरवी बटणं होती. अजून काहीच टाकलं नव्हतं, तर उतरवून काय घ्यायचं? एक दाबलं तर फोन साफ करून देणाऱ्याची जाहिरात उघडली. भांडायला समोर माणूस असता तर मी पाच मिनिटांत त्याला सरळ केलं असतं. इथे गल्ल्यावर कोणीच नाही. मी ते पान बंद केलं.

मग पोतं आठवलं. फाइलवर बोट दाबून धरलं, ‘नाव बदला’ आलं, शेपटी खोडून जेपीजी लिहिलं. फोनने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. फॉर्मने निमूट घेतली. हिरवी खूण बघून मी स्वतःवर इतका खूश झालो की शेजारच्या गाळेवाल्याला चहा पाजला.

तीनच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मी बोलतोय, सेक्रेटरी. तुझी फाइल उघडत नाही रे. पानावर कोरी चौकट येतेय.”

कोरी चौकट ऐकलं आणि माझा तोल गेला. “पुन्हा? तेव्हा तेच, आत्ता तेच! माझ्या बापाशी तुमचं काय वाकडं आहे एवढं?”

तो म्हणाला, “झालं बोलून? शेपटी बदललीस ना नुसती? आत माल तोच राहतो, बाबा. नीट कन्व्हर्ट कर. आणि तेव्हाचं म्हणशील, तर तू दिलेला फोटो जुने स्टुडिओवाले वापरायचे तसल्या खरखरीत, जाळीच्या कागदावरचा होता. प्रेसवाल्याने दोनदा करून बघितला. छापताना चेहराच येईना, नुसती जाळी. दुसरा दे सांगायला दोनदा गाळ्यावर आलो, तू माल आणायला गेलेला.”

“मग नंतर सांगायचं!”

“नंतर तू टेबल फोडत होतास. फोटो मी तुझ्या आईच्या हातात दिला. पाचच्या आत पाठव.” आणि फोन ठेवला.

काय खरं मानायचं ते कळेना. माणूस मुरलेला, आणि मुरलेल्या माणसाकडे कारण तयार असतं. माझ्याकडेही असतं. पण पाच वाजायला वेळ कमी होता. मी पुन्हा त्या फुकटवाल्याकडे गेलो, ताईची मूळ फाइल त्याच्या हवाली केली. एक निळी पट्टी सरकली. या वेळी फाइलच्या नावाशेजारचं बारीकसं बटण दाबलं आणि जेपीजी फोनमध्ये आली. पैसे मागितले नाहीत, नाव विचारलं नाही. आधीचा फोटो आणि हा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तीच टोपी, तेच कान. बदललं काय, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

फॉर्मवर टाकला. दहा मिनिटांनी सेक्रेटरीचा निरोप आला, ‘दिसतायत. आठी तुझ्यासारखीच.’

आठी बघायला मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. बाबांच्या गालावर, कपाळावर, सगळीकडे मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी होती. ताईच्या भिंतीवर तो फोटो मी दर मे महिन्यात बघत आलोय, पण दारातूनच.

समोर एक बाई केव्हाची उभी होती. “अहो, ब्याडगीचा शेवटचा भाव काय ते सांगा, मघाशी फार सांगितलंत.”

मघाशी मी काय सांगितलं होतं, तेच मला आठवेना.